डाव्या पायाला पेन्शन

३ फेब्रुवारी

रावसाहेब,

नमस्कार. तुम्ही बरे आहात हे धाकटीने आपल्या ताईला केलेल्या फोनवरून कळलं, त्यामुळे ते विचारण्यात शाई घालवत नाही. फोन मीही केला असता, पण फोनवर तुम्ही समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

माझी गाडी गॅरेजात पडली आहे. क्लच प्लेट गेली. तिथे हल्ली मिस्त्री भेटत नाही, गळ्यात टाय बांधलेला एक माणूस भेटतो. त्याने माझ्याकडे न बघता हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही क्लचवर पाय ठेवून गाडी चालवता." रावसाहेब, एकतीस वर्षं मी मोठ्या साहेबांची गाडी चालवली. ते मागच्या सीटवर भरलेला चहाचा कप घेऊन बसायचे आणि एकतीस वर्षांत त्यांच्या सदऱ्यावर थेंब पडला नाही. दहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची शेवटची गाडी मी विकत घेतली, दुसऱ्याच्या हातात जायला नको म्हणून. कंपनीतल्या अठरा ड्रायव्हरांना क्लच कसा सोडायचा ते मी शिकवलं. पायाखाली अंडं आहे असं समजा, म्हणायचो. आणि हा टायवाला मला शिकवतो. मी त्याला एवढंच म्हटलं, की तुमच्याकडे प्लेटा पुठ्ठ्याच्या येतात.

माझी गाडी होईपर्यंत वापरायला म्हणून त्यांनी एक बदली गाडी दिली. तीही तशीच लांबलचक, साहेबलोकांची, काळीभोर. पण ऑटोमॅटिक. म्हणजे तुमच्या पंथाची.

आता ऐका. दार उघडून बसलो तर गिअरचा दांडा नाही. त्याच्या जागी गोल खुंटी, मिक्सरला असते तशी. हँडब्रेक नाही, त्याचं बटण. किल्ली फिरवायला जागा नाही, तिचंही बटण. सिग्नलला थांबलो तर इंजिन आपोआप बंद. मी उतरून बॉनेट उघडलं, मागचे हसले. तासभर चालवल्यावर समोर कपाचं चित्र आलं आणि खाली लिहिलेलं, थकला असाल, विश्रांती घ्या. मला. ब्रेकवरचा पाय सैल केला की गाडी न सांगता पुढे सरकते, रांगेत घुसणाऱ्या माणसासारखी. आणि जोर हवा असतो तेव्हा मात्र आधी विचार करते. माझ्या गाडीत मी तिसरा टाकला की तिसरा पडतो. ही गाडी माझा अर्ज ठेवून घेते आणि नंतर कळवते.

आमच्या हिला घेऊन घाटापलीकडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. दर सहा आठवड्यांनी हिच्या डोळ्यात इंजेक्शन असतं ते तुम्हाला माहीत आहेच. घाट उतरताना माझी गाडी दुसऱ्या गिअरवर स्वतःला धरून ठेवते. ही बदली गाडी मोकाट सुटते. खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास यायला लागला.

सगळ्यात मोठा विनोद डाव्या पायाचा. त्याला कामच नाही. धडधाकट पायाला पेन्शन. बाजूला एक फळी दिली आहे, तिच्यावर ठेवा आणि विसरा. टायवाल्याने गाडी देताना बजावलं होतं, सवयीने डावा पाय ब्रेकवर आपटेल, सांभाळा. पाच दिवस झाले, एकदाही आपटला नाही. गप्प बसून आहे. याला म्हणतात पायावरचा ताबा. तसली गाडी नऊ वर्षं चालवूनही तुम्हाला तो आला नसेल.

लोभ कमी झाला तरी चालेल, पण ती गाडी विका.

तुमचा साडू,
उस्ताद

१० फेब्रुवारी

उस्ताद,

आपलं तीन तारखेचं पत्र पोचलं. चाळीस वर्षं मी खुर्चीत बसून लोकांचे अर्ज वाचले, पण अर्जदाराने स्वतःच स्वतःविरुद्ध पुरावे जोडलेला असा हा पहिलाच.

सिग्नलला बंद पडलेलं इंजिन ब्रेकवरून पाय काढला की चालू होतं. घाटात गिअर धरायचा असेल तर स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या असतात, डावी ओढली की एक गिअर खाली. हे सगळं गाडीतल्या पुस्तकात दिलेलं असतं. तुम्ही पुस्तक उघडण्याऐवजी बॉनेट उघडलंत. जन्मभर विहिरीतून पाणी शेंदणाऱ्याने नळाला नावं ठेवावीत, त्यातला हा प्रकार. आणि ते कपाचं चित्र उगाच येत नाही. चालवणारा वेडावाकडा चालवायला लागला की येतं.

तुमच्या त्या चहाच्या कपाची गोष्ट मी आजवर चाळीस वेळा ऐकली. मोठे साहेब आता नाहीत, नाहीतर कप भरलेला असायचा की अर्धा, हे मी त्यांना विचारणार होतो. गर्दीच्या रस्त्यावर एका तासात तुम्ही दोनशे वेळा क्लच दाबता, मी एकदाही नाही. घरी पोचल्यावर तुम्ही पाय चोळत बसता आणि मी वर्तमानपत्र वाचतो. जे काम यंत्र करतं ते पायाने करण्यात पराक्रम कसला, हे मला कोणी समजावून सांगावं. एक मात्र मान्य करतो, कारण मी न्यायी माणूस आहे. तुमच्या गाडीचा चढावरचा आवाज ऐकायला बरा वाटतो. पण आवाज ऐकायला माझ्याकडे रेडिओ आहे.

आता डाव्या पायाबद्दल. ते साफ खोटं आहे. ही गाडी घेण्याआधी मी फक्त दोन वर्षं क्लचची गाडी चालवली होती, तीही तुमच्याकडे शिकून. मैदानात गाडी सतरा वेळा बंद पडली. तुम्ही मोजलंत आणि त्याच दिवशी जेवताना सगळ्या घराला सांगितलंत. मी विसरलेलो नाही. एवढी कच्ची सवय, तरी नव्या गाडीत पहिले पंधरा दिवस माझा डावा पाय प्रत्येक वळणावर क्लच शोधायचा आणि त्याला सापडायचा ब्रेक. तो ताटाएवढा रुंद असतो. गाडी जागच्या जागी खिळायची. धाकटीचं कपाळ दोनदा समोर आपटलं. ती चार दिवस बोलली नाही, आणि पाचव्या दिवसापासून मांडीवर उशी घेऊन गाडीत बसायला लागली. शेवटी मी डाव्या पायातला बूट काढून तो पाय सीटखाली दुमडून ठेवायचो. आमच्या खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, त्यांचा भाऊ, माझ्या कचेरीतले तिघं, सगळ्यांचं हेच झालं. प्रत्येकाचा पाय उठतो. आणि एक्केचाळीस वर्षं क्लच दाबलेल्या माणसाचा उठत नाही? थाप मारावी, पण पचेल एवढीच मारावी.

धाकटी नमस्कार सांगते. मी सांगत नाही.

रावसाहेब

१७ फेब्रुवारी

रावसाहेब,

मला खोटारडा म्हणालात. दुसरा कोणी असता तर पत्र तसंच परत धाडलं असतं. दोन सख्ख्या बहिणींनी केलेल्या दोन वेगवेगळ्या चुका म्हणजे आपण दोघं, पण त्यातली मोठी चूक कोणती याबद्दल मला आता शंका उरलेली नाही.

हिला विचारा. रोज शेजारी बसली होती. गाडी एकदाही खिळली नाही. तुमचा पाय उठला कारण तुमचं डोकं मागच्या सीटवर बसून वाढलेलं. माझा पाय मी सांगितल्याशिवाय हलत नाही.

परवा माझी गाडी परत आली. हातात दांडा आला आणि जिवात जीव आला. तरी टायवाल्याने घोळ घातलाच आहे. पेडल विचित्र करून ठेवलंय. दाबलं जातं, पण सोडताना पाय त्यावरच रेंगाळतो. परत नेऊन दाखवली. त्याने स्वतः एक चक्कर मारली आणि म्हणाला, लोण्यासारखं आहे. मग म्हणाला, काका, नवी प्लेटही अशीच जाळाल. मी किल्ली उचलून निघालो. असल्यांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हल्ली कोणालाच आपलं काम येत नाही. दोन महिन्यांपूर्वी बूट घेतले, डाव्याचं टोक आत्ताच घासून पांढरं झालं. उजवा नवाच्या नवा. दुकानदाराला दाखवला तर तो माझ्या चालण्याला दोष देतो. आमच्या जिन्याची डागडुजी झाली, त्यात गवंड्याने पायऱ्या अर्धा बोट उंच करून ठेवल्या. रोज डाव्याला ठेच लागते. मी तक्रार केली तर शेजारी म्हणतात, जिन्याला तर फक्त रंग दिला. लोकांचं लक्षच नसतं कशात.

आणि मी पाय चोळत बसत नाही. कधी जड होतो, तो कोणाचाही होतो. तुमच्या पायाने जन्मात काही काम केलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं.

धाकटीला आशीर्वाद. तुमचं तुम्ही बघा.

उस्ताद

२३ फेब्रुवारी

उस्ताद,

तुमचं पत्र मी आधी हसण्यासाठी वाचलं, मग उत्तर देण्यासाठी, आणि मग धाकटीला वाचून दाखवायला बसलो. वाचता वाचता मध्येच थांबलो.

टायवाल्याला क्लच बसवता येत नाही, दुकानदाराला बूट विकता येत नाही, गवंड्याला पायऱ्या बांधता येत नाहीत. हे तिघं एकमेकांना ओळखत नाहीत, आणि तिघांनी तुमची डावीच बाजू धरली. एरवी मी नाचता येईना अंगण वाकडं असं लिहून मोकळा झालो असतो. आज लिहवत नाही.

तुम्हाला खोटारडा म्हणालो ते मागे घेतो. तुमचा पाय उठला नाही हे खरंच असणार. पण तो ताबा नव्हे. एवढ्या वर्षांची सवय माणसाला विचारून येत नाही. तो उठायला हवा होता, उस्ताद.

डॉक्टरांकडे जा. ताई तुमच्या शेजारी बसतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा घाट आहे. मला भीती वाटते. तोवर मी माझी गाडी घेऊन येतो आणि त्यांना दवाखान्यात नेऊन आणतो. काळजी घ्या.

आपला,
रावसाहेब

२७ फेब्रुवारी

रावसाहेब,

इतक्या वर्षांत तुम्ही मला कधी 'काळजी घ्या' लिहिलं नव्हतं. 'आपला' तर नाहीच. एवढा मी खाली आलो का?

माझ्या पायाला काही झालेलं नाही. हिला आजवर मी नेलं आणि यापुढेही मीच नेणार. तुम्ही तुमच्या पाळण्यात बसून घाटात आलात तर मी तुम्हाला वळणावर मागे टाकीन.

उत्तर पाठवू नका.

उस्ताद

१६ मार्च

रावसाहेबांना नमस्कार.

अक्षर मोठं आहे, आठ ओळींत पान भरतं, म्हणून पाकीट जाड झालं. मधोमध बघायला गेलं की धूसर दिसतं, त्यामुळे जरा बाजूला बघून लिहिते. ओळी वाकड्या गेल्या तर सांभाळून घ्या.

परवा दवाखान्यात जाताना घाटातल्या तिसऱ्या वळणावर पुढचा ट्रक थांबला, म्हणून आम्हीही थांबलो. निघताना ह्यांचा पाय क्लचवरून घसरला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा गाडी मागे यायला लागली. मागे दुधाचा टँकर होता. ह्यांनी हँडब्रेक ओढला, तो धरला पण पुरता नाही. मी उतरले, कडेचा दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली लावला. टँकरवाला आला. हे त्याला म्हणाले, इंजिन तापलंय. त्याने ह्यांच्याकडे नीट पाहिलं आणि गाडी वरच्या सपाटीपर्यंत नेऊन दिली. हे तेवढा वेळ माझ्या जागेवर बसले होते. ह्यांच्या गाडीच्या स्टिअरिंगवर दुसऱ्या कोणाचा हात मी आजवर पाहिला नव्हता, गॅरेजवाल्यांचा सोडून. पुढचा सगळा रस्ता ह्यांनी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर काढला. घरी आल्यावर मला म्हणाले, "तुला कळलं नसेल, इंजिन तापलं होतं."

ह्यांना वाटतं मला दिसत नाही. माझं समोरचं गेलंय, रावसाहेब. बाजूचं स्वच्छ दिसतं. आणि गाडीत माझ्या बाजूला ह्यांचा डावा पाय असतो. थंडी सुरू झाल्यापासून मी बघतेय, हे विजारीला धरून पाय हाताने उचलतात आणि क्लचवर ठेवतात. हात गिअरकडेच गेलाय असं दाखवतात. मी बोलले नाही. गाडी सुटली तर हे कोण म्हणून उरतील, याची मला भीती होती. त्या दगडाला हात लावला तेव्हापासून दुसरी भीती मोठी झालीय.

तुमचं फेब्रुवारीतलं शेवटचं पत्र मी भिंग लावून वाचलं. चांगलं होतं, पण चुकीचं होतं. कोणी प्रेमाने बोललं की ह्यांना वाटतं आपण संपलो. ह्यांना अपमान समजतो. आणि तुमच्याइतका अपमान ह्यांचा दुसऱ्या कोणाला जमत नाही. तेव्हा जमेल तेवढा करा. मी लिहिलं हे कळू देऊ नका.

धाकटीला सांगा, दगड फार जड नव्हता.

ताई

२० मार्च

उस्ताद,

उत्तर पाठवू नका म्हणालात, म्हणून पाठवतो. मागचं पत्र मी तापात लिहिलं होतं. त्यातले 'काळजी घ्या' आणि 'आपला' हे शब्द रद्द समजावेत.

तुम्ही ड्रायव्हर म्हणून एके काळी बरे होतात असं ऐकून आहे. पुरावा चहाचा एक कप, आणि साक्षीदार हयात नाही. आज तुम्ही काय आहात ते कोणालाच माहीत नाही, कारण तुम्ही डॉक्टरांपुढे उभं राहायला घाबरता. नवशिक्यांना तुम्ही एक वाक्य सांगायचात. गाडीत खडखड झाली की रेडिओ मोठा करतो तो ड्रायव्हर नव्हे, गाढव. वाक्य तुमचं आहे, मी फक्त ते योग्य पत्त्यावर पाठवतो आहे.

खालच्या डॉक्टरांना मी विचारलं. त्यांनी एक परीक्षा सांगितली, तुमच्यासारख्यालाही समजेल इतकी सोपी. अनवाणी उभं राहायचं, दोन्ही चवडे उचलायचे आणि नुसत्या टाचांवर दहा पावलं चालायचं. मला तुम्ही जन्मभर गादीवरचा तक्क्या म्हणत आलात. तो तक्क्या आत्ता दिवाणखान्यात अकरा पावलं चालला. धाकटी मोजायला होती.

पैज लावतो. तुम्हाला दहा जमली तर मी माझी गाडी विकतो, क्लचची घेतो आणि पुन्हा तुमच्याकडे मैदानात शिकायला येतो. किती वेळा बंद पडली ते जेवताना सगळ्यांना खुशाल सांगा. नाही जमली, तर दोष पायात नसून पाठीच्या नशीत असतो म्हणे, तेव्हा मणक्याच्या डॉक्टरांकडे जायचं आणि ते म्हणतील ते करायचं. आकडा मात्र खरा कळवा. तुम्ही बाकी काहीही असाल, मोजण्यात लबाडी करत नाही. मैदानात सतराच होत्या. मीही मोजल्या होत्या.

रावसाहेब

२५ मार्च

रावसाहेब,

तीन. चौथ्याला कपाट धरलं.

उस्ताद

३० ऑगस्ट

रावसाहेब,

तुमची गाडी शाबूत आहे, हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

एप्रिलात पाठीचं ऑपरेशन झालं तेव्हा तुम्ही दोघं होताच. नस दबली होती ती मोकळी केली, पण पाय परत येईल की नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. उशीर झालाय, एवढंच म्हणाले होते. तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, खिडकीबाहेर बघितलंत. ते माझ्या लक्षात आहे. हिच्या दवाखान्याच्या मधल्या तीन खेपा तुम्ही घातल्यात, आणि तिसऱ्या खेपेला गाडी आमच्या दारात सोडून, चहाही न घेता बसने निघून गेलात. काही बोलता येऊ नये म्हणूनच. म्हणून आता लिहितो.

हिचं मार्चमधलं जाड पाकीट पेटीत टाकायला मीच गेलो होतो. आत धाकटीसाठी काही आहे, म्हणाली. धाकटीच्या पत्राला ती कधी तुमच्या नावाचा पत्ता घालत नाही, आणि अक्षर तर तीन हातांवरून वाचता येत होतं. पेटीपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. मग टाकलं. आठवडाभराने तुमचं पत्र आलं आणि त्यात तुम्ही मला गाढव म्हणालात. खरं सांगतो, खूप दिवसांनी मला बरं वाटलं. गाढवावर निदान ओझं लादतात, आजाऱ्याला नुसतं निजवून ठेवतात.

व्यायाम घेणारी बाई रोज पायाला रबरी पट्टा लावायची आणि म्हणायची, चवडा नाकाकडे ओढा. मी नाक खाली नेलं, चवडा वर आला नाही. मे गेला, जून गेला. जुलैत अंगठा हलला. मी कोणाला सांगितलं नाही, कारण नुसत्या अंगठ्याने क्लच सुटत नाही. क्लचची गाडी वर्षभर चालवायची नाही असं डॉक्टरांचं फर्मान आहे. तुमचा पाळणा चालेल, म्हणाले. त्याला फक्त उजवा पाय लागतो. हे त्यांनी कौतुकाने सांगितलं.

तर महिनाभर मी तुमची गाडी चालवतो आहे, आणि माझं मत बदललेलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणा हवं तर. तुम्ही सांगितलेल्या पट्ट्या मी ओढून पाहिल्या. गिअर उतरतो, पण परवानगी घेऊन. चढावर माझी गाडी बोलते, तुमची खाकरते. तो कपाची चित्रं दाखवणारा पंतोजी मी बंद करून टाकला. पुस्तकात बघून. पुस्तक वाचलं हे धाकटीला सांगू नका.

काल हिला घेऊन दवाखान्यात निघालो. बाजार संपला की पाण्याच्या टाकीपाशी एक काटकोनी वळण आहे, रस्ता रिकामा होता. त्या वळणावर मी तीस वर्षं दुसरा टाकत आलो आहे. वळण आलं आणि गाडी एकदम जागच्या जागी खिळली. पट्टा होता म्हणून ही वाचली, पण तिची पर्स, पाण्याची बाटली आणि काळा चष्मा, सगळं पायाशी जाऊन पडलं. मला आधी वाटलं, तुमच्या या भंगाराने दगा दिला. तुम्हाला शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि खाली पाहिलं. ताटाएवढ्या ब्रेकवर माझा डावा पाय होता. मी त्याला उचललं नव्हतं. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

प्रत्येकाचा पाय उठतो, असं तुम्ही लिहिलं होतं. तुम्ही लेखी दिलेलं एक तरी वाक्य खरं निघालं.

हिने समोर पाहिलं नाही. मान न वळवता बाजूने माझ्या पायाकडे पाहिलं, जशी ती हल्ली बघते. मी म्हणालो, लागलं का तुला. खाली वाकून तिने चष्मा चाचपून घेतला, पदराने पुसला, डोळ्यांवर ठेवला. मग दोन्ही हात समोर टेकवून घट्ट बसली आणि म्हणाली, "परत दाबा बघू."

मागे कोणी नव्हतं. मी परत दाबला.

उस्ताद